मेथीचा वास

नवजात बाळांचं रक्त तपासून जन्मजात आजार शोधायचे, हे माझं काम. आमच्या विषयाच्या पुस्तकांत एका आजाराचं नाव मेपलच्या पाकावरून पडलं आहे. ते झाड मी पाहिलेलं नाही, त्याचा पाक चाखलेला नाही. या आजारात बाळाच्या शरीराला ल्युसिन आणि त्याच्यासारखीच आणखी दोन अमिनो आम्लं जिरवता येत नाहीत. आईच्या दुधातूनच ती येतात, रक्तात साचत जातात आणि मेंदू निकामी करतात. लंगोटाला गोडसर वास येतो. आमच्या बुलढाण्याकडे त्या वासाला एकच नाव आहे, मेथी.

आणि आमच्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात. ते खाल्ले की तिच्या घामाला, बाळाच्या लंगोटाला तोच वास येतो आणि बाळाला काहीसुद्धा झालेलं नसतं. म्हणून जिल्ह्यातल्या परिचारिकांना शिकवायला जायचे तेव्हा मी हटकून सांगायचे, "आधी लाडवांची चौकशी करा, उगाच आईबापांना घाबरवू नका." पुस्तक लिहिणाऱ्या गोऱ्या साहेबाला आपला बाळंतिणीचा खुराक कुठून ठाऊक असणार, असंही म्हणायचे. सगळ्याजणी हसायच्या. मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक होतं.

माझी चुलत बहीण लोणारला दिलेली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माझ्याच कडेवर वाढलेली. तिला मुलगा झाला आणि पाचवीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"ताई, याच्या लंगोटाले मेथीचा वास येऊन राह्यला. काई होत तं नाही न?"

"लाडू किती खाऊन राह्यली तू?"

"सकाळ-संध्याकाळ एकेक. सासूबाई समोर बसून चारते."

"मंग दुसरा कोणता वास येईन व? दोन दिवस लाडू बंद कर, जाईन वास."

"बरं. बाकी लय गरीब पोरगं आहे. रडतच नाही, निस्तं झोपते."

मी तिला म्हणाले, नशीबवान आहेस. पाच दिवसांचं बाळ रडत नाही, नुसतं झोपतं, तर मनात कोणती शंका यायला हवी, हा प्रश्न मी स्वतः विद्यार्थ्यांना परीक्षेत घालते. उत्तर चुकलं की रागावते. त्या दिवशी तोच प्रश्न सख्ख्यासारख्या बहिणीने घातला आणि मी हसून फोन ठेवला.

सातव्या दिवशी बाळ अंगावर पिईना, मग मागे वाकून ताठ झालं. त्याला शहरातल्या दवाखान्यात आणलं. टाचेतून काढलेलं रक्त टिपलेलं कार्ड माझ्या प्रयोगशाळेत आलं, ते मीच मशीनला लावलं. ल्युसिनची रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. इतकी वर्षं या एका रेघेच्या मागे घालवली, आणि ती दिसली ती माझ्याच बहिणीच्या बाळाच्या रक्तात. दूध थांबवलं, सलाईन लावलं. ल्युसिन नसलेली दुधाची पावडर बाहेरून मागवावी लागते, ती मागवली. दहाव्या दिवशी बाळ गेलं. पावडरचा डबा त्यानंतर आला. तो अजून माझ्या टेबलाखाली पडला आहे, फोडलेला नाही.

पंधरा दिवसांनी मी लोणारला गेले. दूध आटावं म्हणून तिने छातीला फडकं घट्ट बांधलं होतं. सासू चहा ठेवायला आत गेली तशी ती माझ्याकडे सरकली.

"ताई, तुनं सांगतलं होतं लाडू बंद कर म्हणून. सासूबाईनं एवढ्या मायेनं बांधले, मले नाही म्हणताच नाही आलं. मी खातच राह्यली." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मीच मारलं न त्याले?"

मी तिला सगळं सांगितलं. लाडवांचा काही संबंध नाही, आजार जन्मतःच होता, तुम्हा दोघांना कळणंही शक्य नव्हतं. कळायला हवं होतं ते मला. तू फोन केलास तेव्हाच दूध थांबवायला सांगितलं असतं तर कदाचित वाचला असता. लाडवांचं मी बोलले ती माझी घोडचूक. तिला समजेल असं, एकेक वाक्य सोपं करून सांगितलं. शिकवता चांगलं येतं मला.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला.

"राहू दे व ताई. माह्या मनासाठी तू सोतावर घेऊन राह्यली. मले समजत नाही का?"

मी पुन्हा सांगितलं. रडत तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ती माझीच समजूत घालू लागली. त्यानंतरही दोन-तीनदा विषय काढून पाहिला, पण ती लगेच दुसरंच बोलायला लागते. मेथी तिने कायमची सोडली आहे. भाजीसुद्धा घरात येऊ देत नाही.