दलदलीतला डबा

कुवेतहून सुट्टीवर आलेल्या भावाने जीपीएस यंत्र आणलं होतं. कुणीतरी लपवलेला डबा त्यावरचे आकडे बघून शोधायचा, हा त्याचा तिकडचा छंद. महाडजवळ सावित्रीकाठच्या दलदलीतही असा डबा असल्याचं त्याला इंटरनेटवर दिसलं आणि आम्ही दोघं निघालो.

पायवाट संपली तरी यंत्रावरचा बाण पुढेच दाखवत होता. मी लव्हाळ्यात पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत रुतले. तेवढ्यात मागून भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "हलू नको गो. समोर मगर हाय."

पलीकडच्या चिखलात ती जबडा उघडा टाकून ऊन खात पडली होती.

"ओढणी टाक मागं."

मी एक टोक मनगटाला गुंडाळून दुसरं मागे फेकलं. तो हळूहळू ओढू लागला. पाय सुटताना मोठ्ठा आवाज झाला. मगरीने जबडा मिटला आणि ती सरपटत पाण्यात शिरली. ती दिसेनाशी झाल्यावर तर मला जास्तच भीती वाटली.

आम्ही धावत बांध गाठला. डबा तिथेच राहिला, माझी एक चप्पलही.

"आणू चप्पल?" भावाने विचारलं. त्याने ओढणीचं टोक अजून सोडलं नव्हतं.