पहिल्या अक्षता

गोव्यात लग्न खरं लागतं ते सरकारी कचेरीत, सही मारली की. पुढचा थाट ज्याच्या त्याच्या हौसेचा. म्हणूनच तर साखळीच्या हर्षाचं फावलं. देवेश आणि तनया या दोस्तांच्या लग्नात भटजींनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं, तेव्हा ही फार्मसीवाली बाई पदर खोचून उभी राहिली आणि दोघांची अशी काही गोष्ट सांगितली, की आचारीसुद्धा झारा टाकून ऐकायला आला. तेव्हापासून मित्रमंडळीत कुणाचंही लग्न ठरलं, की हर्षालाच बोलावणं.

तिची एक रीत होती. लग्नाआधी ती नवरानवरीला वेगवेगळं बसवून विचारायची, "तुझ्या लग्नानं एकटं कोण पडेल?" ज्याचं नाव येई, त्याला ती मांडवात पुढं बोलवी आणि पहिल्या अक्षता त्याच्या हातून पडत. कुणाची आजी, कुणाचा धाकटा भाऊ. लोक ढसाढसा रडायचे, आणि हर्षाला ते आवडायचंही.

सगळे एकेक करून संसाराला लागले. उरल्या दोघीच, हर्षा आणि विनोदिनी. पणजीची बस एक, रविवारचा चहा एक, म्हातारपणी डिचोलीत एकत्र राहायचा बेतही एक. आणि चाळिशी उलटल्यावर विनोदिनीनं पेडण्याच्या रामचंद्राशी लग्न ठरवलं.

हर्षानं तिला रीतीप्रमाणे विचारलं. विचारताना तिचा जीव टांगणीला लागला होता. आपलं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं.

"वहिनी," विनोदिनी चटकन म्हणाली. "दादा आखातात. घरांत ती आनी हांव, दोगीच."

"आनी?"

"आनी कोण? तूं आसाच गे."

हर्षा हसली. आपण तर तिनं गृहीतच धरलेल्या; काय करणार?

दुसऱ्या दिवशी रामचंद्र आला. चार दिवसांची ओळख, अबोल माणूस. तिनं त्यालाही तोच प्रश्न विचारला.

"माझ्याकडचा कोण नाय," तो म्हणाला. "एकटी पडतलात ती तुमी. तुमचाच नाव घेवा."

हर्षाला त्याच्याकडे बघवेना. तिनं पाणी आणायचं निमित्त केलं आणि आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

मांडवात तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला. तिनं वहिनीला पुढं बोलावलं. वहिनी डोळे पुसत आली, मांडव हळहळला. मग रामचंद्राची पाळी. ते नाव आता कुणी घ्यायचं? आजवर तिनं या प्रश्नाचं उत्तर कधी बदललं नव्हतं. तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला.

"नवरदेव म्हणतात, या लग्नानं एकटं कुणीच पडत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनोदिनी खुदकन हसली. रामचंद्र तेवढा हसला नाही. तो हर्षाकडे बघत राहिला, आणि भरल्या मांडवात आपली विचारपूस करणारा माणूस हा एकटाच, हे तिला कळून चुकलं.

"टाका अक्षता," ती म्हणाली.