आईच्या नावाचा रकाना

माझं अक्षर सुंदर आहे. शाळेत मला त्याचा भयंकर माज होता, आणि त्याच माजाने माझ्या मैत्रिणीची वाट लावली.

घाटकोपरच्या शाळेत आठवीत बाईंनी मला तिच्या शेजारी बसवलं ते शिक्षा म्हणून. मी पहिल्या नंबराची आणि अखंड बडबडी. ती कोळ्यांची पोर, पहाटे आईबरोबर धक्क्यावरून मासळी आणून मग शाळेत यायची. दप्तराला वास येतो म्हणून तिच्याजवळ कुणी बसत नसे. बाईंना वाटलं, आता ही गप्प बसेल. झालं उलटंच. मी तिला बीजगणित शिकवलं, आणि ज्या घरात लसूणसुद्धा शिजत नाही त्या घरातल्या मला तिने बोंबील खायला शिकवलं. माझी प्रगती तिच्यापेक्षा जलद झाली.

तिची आई मासळी बाजारात ओट्यावर बसायची. सगळा बाजार तिला एकाच लाडक्या नावाने हाक मारायचा, पुढे मावशी जोडून मीही. तिला दुसरं काही नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दहावीचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मैत्रीण शाळेत आली नाही. वर्ष फुकट जाईल म्हणून मीच तिचा फॉर्म भरला, तिची सहीसुद्धा ठोकली. आईच्या नावाच्या रकान्यात बाजारातलं नाव लिहिलं, छान वळणदार. ती पास झाली. मावशीने मला खास पापलेट तळून घातलं.

मैत्रिणीचा जन्म घरातला, नोंद कुठेच नाही. पुढे तिचे सगळे कागद त्या दहावीच्या सर्टिफिकेटवरून निघाले. गेल्या वर्षी मावशी गेली. ओट्याचा परवाना तिच्या खऱ्या नावावर, आणि कागदोपत्री माझी मैत्रीण भलत्याच बाईची मुलगी! वारसाहक्क सिद्ध झाला नाही तर ओटा जाणार, आणि ओट्याशिवाय तिला दुसरं काही येत नाही.

मी वकील गाठला, प्रतिज्ञापत्र केलं, बाजारातल्या बायकांच्या सह्या आणल्या. ऑफिसातल्या साहेबांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आई असती तर तिनेच येऊन सांगितलं असतं."

आईचं नाव चुकवलं म्हणून मैत्रीण सगळीकडे दहावीच्या बोर्डाला शिव्या देत होती. मागच्या आठवड्यात मला ते ऐकवेना. ती सुरमई कापत असताना मी सांगून टाकलं, की तो फॉर्म मी भरला होता.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "दुसरं कोण भरणार होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू रडली असतीस ना."

मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर रडले.

काल तिने परवान्याचा नवा अर्ज माझ्यापुढे टाकला. "तूच भर. माझे हात ओले हायत."

रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. मावशीचं खरं नाव लिहिलं तर मैत्रिणीचे कागद जुळत नाहीत, बाजारातलं लिहिलं तर परवाना जुळत नाही. जे तेव्हा विचारायला हवं होतं ते मी आता विचारलं.

"आईचं नाव काय लिहू गं?"

तिने मान वर केली नाही. "लिही कुठलं पण. दोन्ही तिचीच ना."