चुकांत राहणारा देव

देवाच्या बाबतीत मी भलती कडक बाई. पोथीतली एक ओळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून वाचणारी. म्हणून माझ्या दहा वर्षांच्या मुक्तानं वहीत मनानं रचलेल्या राज्यातला एक देव मातीचा केला आणि आमच्या लोहारा गावच्या घरी देवघरात थेट तुळजाभवानीशेजारी ठेवला, तेव्हा माझा पारा चढला. तो म्हणे गोंधळाचा आणि जादूटोण्याचा देव, गडबडेश्वर. सगळ्यांत धाकटा. मोठ्या देवांनी त्याला देऊळ दिलं नाही, म्हणून तो माणसांच्या चुकांत राहतो आणि तिथंच जादू करतो. मी त्याला उचलून अंगणात फेकलं. त्याचा एक कान तुटला.

आठवड्याभरात तिला मेंदूज्वर झाला. सोलापूरच्या दवाखान्यात तीन दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. मी उशाशी स्तोत्र म्हणत होते, पण पाठ असलेल्या ओळी सापडेनात. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, वाट बघू. मी वॉर्डाबाहेरच्या चपलांत पाय सरकवले आणि आवारातल्या लिंबाखाली जाऊन रडत बसले.

थोड्या वेळानं नळदुर्गची एक म्हातारी मुसलमान बाई, वॉर्डातले सगळे तिला खाला म्हणायचे, मला शोधत आली. तिची नात त्याच वॉर्डात होती. "बाई, तुमच्या एका पायात माझी चप्पल हाय," ती म्हणाली. तिच्या एका पायात माझी होती. दोघींच्याही पायांत एक निळी, एक तपकिरी. मला रडता रडता हसू फुटलं. का हसता, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी गडबडेश्वराचं सगळं सांगितलं, फेकला तेही. ती हसली नाही.

"मग लेकीला जाऊन सांगा की हे. पोरं झोपंतबी ऐकत्यात."

मी वर गेले. स्तोत्र बाजूला राहू दिलं. मुक्ताच्या कानाशी वाकून म्हटलं, बाळा, माझं चुकलं गं. आणि चपलांची गंमत सांगितली. तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग डोळे किलकिले झाले.

"आई, तो आला व्हता," ती म्हणाली.

गुण औषधाचा का आणखी कशाचा, मी वाद घालत नाही. त्या गडबडीत खालाचं नावही विचारायचं राहिलं. तिला मनातल्या मनात रोज आठवते. घरी आल्यावर अंगणातला कानतुटका देव पुसून देवघरात ठेवायला निघाले, तर मुक्ता म्हणाली, त्याला तिथं करमायचं नाही, चपलांपाशी ठेव. तिथंच बसलाय तो. पोथीत अजून चुकते मी, पण मागं फिरत नाही, त्याच्यावर सोडून पुढं वाचते. आणि बाहेर जाताना चप्पल घालायला वाकले, की त्याच्या पाया पडणं होतंच.