पाणी कुठवर आलं होतं

"अहो, सात फूट म्हणजे भिंत की तुरुंग?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाई ओरडत होत्या, आणि आमचे चेअरमन त्याहून वरच्या पट्टीत सांगत होते, "धरणातून पाणी सोडतील तेव्हा तुम्ही गॅलरीतून बघाल. तळमजल्याला विचारा."

तळमजला म्हणजे मी. पार्किंगमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

नदीकाठच्या आमच्या सोसायटीत पूर शिरला त्याला बरीच वर्षं झाली. नदीने जेवढं पुणं भिजवलं नाही तेवढं त्यानंतर मी भिजवलं. हडपसरच्या लग्नात पंगत बुडवली, कात्रजच्या बसमध्ये कंडक्टरला तिकिटं विसरायला लावली. माझ्या गोष्टीत आमचा फ्रिज तरंगत फाटकापर्यंत जायचा, दोन्ही बाजूंना बघायचा आणि मगच रस्त्याला लागायचा. स्वयंपाकघरातून हिचं ठरलेलं, "अहो, जरा कमी करा." मी हातभर कमी करायचो. ही गेली, आणि पाणी दरवर्षी वीतभर चढत राहिलं. गेल्या दिवाळीत ते पंख्याच्या पात्याला लागलं. आतून कुणी काही बोललं नाही.

भिंतीसाठी आलेला इंजिनिअर तरुण आणि थंड डोक्याचा. कोकणात समुद्राकाठी कामं करून आलेला.

"तिथेही हेच आहे, काका," तो म्हणाला. "समुद्र किती चढेल, कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणून भिंत आज बेताची बांधायची, पण पाया असा भक्कम घालायचा की उद्या तिच्यावर आणखी चढवता येईल. इथे पाऊस किती पडेल, पाणी किती सोडतील, तेही कुणाला माहीत नाही. पुढचं मी अंदाजाने धरतो. मागचं तेवढं खरं सांगा."

टेप उघडून तो माझ्या दाराच्या चौकटीशी उभा राहिला. "बोट ठेवा."

पाण्याचा डाग केव्हाच रंगाखाली गेला होता. शेजारच्या तळमजल्यात नवे भाडेकरू. वरच्यांनी पाहिलेलं ते वरून, आणि वरून पाणी नुसतं सपाट दिसतं. मी बोट छातीशी ठेवलं. मग कपाळाशी नेलं. या बोटावर भिंत उभी राहणार, आणि तिच्याआड निजणार मीच. बोट काढून घेतलं.

"मी नव्हतो इथे," म्हणालो.

त्या दिवशी मी सदाशिव पेठेत मित्राकडे पत्ते खेळत बसलो होतो. पूल बंद झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तेव्हा पाणी ओसरलेलं, घरभर चिखल, आणि ही फडकं पिळत बसलेली. किती होतं, असं मी तिला कधी विचारलंच नाही. मी लगेच सांगायलाच लागलो होतो.

"वा," चेअरमन म्हणाले. "म्हणजे फ्रिजशीही आपली भेट नाही."

सभा पांगली. इंजिनिअर टेप गुंडाळत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खुर्च्या आवरत होत्या. पुरात ही त्यांच्याकडे वर गेली होती, एवढंच मला ठाऊक होतं.

"वर आली तेव्हा तिची साडी कुठवर भिजली होती?" मी विचारलं.

"कमरेपर्यंत," खुर्ची मिटत त्या म्हणाल्या. "दोनदा हाका मारल्या आधी. तर म्हणाल्या, थांबते जरा, यांच्याकडे किल्ली नाही."