कुशाबाच्या रक्तातला मोर्चा

लालबागच्या चाळीत कुशाबा सावंत जोर मारायला लागला की खालच्या मजल्यावरच्यांच्या चहात चुना पडायचा. अशा गड्याचं रक्त दादरच्या अच्युत डॉक्टरांनी नेहमीची तपासणी म्हणून काढलं, तर त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या.

"आत कुठे दुखणं दडलंय का, बघायला हवं," डॉक्टर म्हणाले. "तोवर तालीम बंद."

तालीम बंद म्हणजे कुशाबाचा श्वासच बंद. त्याचं तोंड एवढंसं झालं. बायको जाईबाई मात्र फणकारली, "रक्त द्यायचं म्हणून हे पहाटे दुप्पट जोर मारून, अंगाला तेल चोपडून आले होते, डॉक्टर! जशी काय ह्यांना मुलगीच दाखवणार होते!"

डॉक्टर खो खो हसले. "मग दोन दिवस आराम करा नि परत या."

दोन दिवस कुशाबा पिंजऱ्यातल्या वाघासारखा गॅलरीत फिरला. दुसऱ्या तपासणीत सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी त्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. लालसर टिकल्यांच्या गर्दीत एखादाच जांभळ्या पोटाचा गोळा दिसत होता.

"ह्याच त्या पांढऱ्या पेशी. रंग दिलाय म्हणून जांभळ्या दिसतात. एरवी बऱ्याचजणी नसांच्या भिंतींना टेकून बसतात. तुम्ही जोर मारलेत की रस्त्यावर येतात, नि काही वेळाने परत जागेवर."

"म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यासारख्या?"

"अगदी तश्शा!"

मोर्च्यात घसा फोडून ओरडणाऱ्या कुशाबाने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एवढी माणसं आपल्या आत राहतात, आणि आपल्याला पत्ता नाही!

दुसऱ्या पहाटे खोलीत जोर मारण्याआधी त्याने छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "चला रे, उठा."

खाली चहात पुन्हा चुना पडू लागला.