जॅम चाखणाऱ्या आक्का

माझ्या नणंदबाई गेली सव्वीस वर्षं एका कारखान्यात जॅम चाखताहेत. हे कळलं की लोक म्हणतात, "मजा आहे बाईंची!" तेव्हा मी गप्प बसत नाही. म्हणते, सकाळी आठपासून उभं राहा, दर पंधरा मिनिटांनी एका नव्या कढईतला चमचाभर जॅम जिभेवर घ्या, आणि आंबटपणा कमी की जास्त, तळ लागून करपलाय की नाही, फळ कालचं की परवाचं, ते न चुकता सांगा. मग बोलू मजेबद्दल.

आम्ही त्यांना आक्का म्हणतो. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आमच्याच इमारतीत एक मजला खाली राहतात. कारखान्यात साखर मोजायला यंत्र आहे, पण यंत्राला वास येत नाही. एकदा यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि आक्कांनी हात वर केला. "थांबवा. साबण लागतोय."

सुपरवायझर म्हणाला, "मला तर काही लागत नाही."

"तुम्हाला नाहीच लागणार. आत्ताच सिगारेट ओढून आलात."

कढईची नळी उघडून बघितली, तर धुतल्यावर आत साबणाचं पाणी राहिलेलं. सबंध कढई ओतून दिली. तेव्हापासून आक्कांचा हात वर गेला की 'का' म्हणून कुणी विचारत नाही.

अशा बाईचे दात मात्र एकामागून एक किडत चालले. आधी दोन दाढा, मग सुळ्याशेजारचा, मग पुढचे. पन्नाशीच्या आतबाहेरचं वय, आणि आक्का तोंडावर हात धरून हसायला लागल्या. ज्यांचं हसणं जिन्यात तीन मजले ऐकू यायचं, त्या! मला ते फार लागलं. एके दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. आरसा तोंडभर फिरवून म्हणाल्या, "अकरा दातांना कीड आहे. गोड फार खाता का?"

आक्कांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "मी? माझ्या घरातला साखरेचा डबा मुंग्यांनीसुद्धा सोडून दिलाय. चहा बिनसाखरेचा. दात दोनदा घासते, तेही घाई न करता. आणखी काय करू?"

यातला शब्दन् शब्द खरा होता. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. मला राहवेना. "आक्का, त्यांना तुमचं काम सांगा की."

"कामाचा इथे काय संबंध? ते चाखणं झालं. खाणं थोडंच आहे?"

"काय चाखता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जॅम. दिवसाला तीस-बत्तीस चमचे. पण गिळत नाही हो, थुंकते!"

डॉक्टरीणबाईंनी आपलं स्टूल जवळ ओढलं. "कीड म्हणजे अळी नव्हे, आक्का. आपल्या सगळ्यांच्याच तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताचं कवच हळूहळू विरघळतं. साधारण अर्धा तास हे चालतं, मग लाळ ते आम्ल निवळवते, थोडी झीज भरूनही काढते. तुमच्या लाळेला मात्र सवडच नाही. पहिला चमचा निस्तरते तोवर दुसरा दारात. तुम्ही गिळलंत की थुंकलंत, जंतूंना काय त्याचं? साखर तोंडात आली, की त्यांचं जेवण झालं. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा, हे बघायचं असतं."

"म्हणजे सकाळपासून माझ्या तोंडात खानावळ उघडी आहे म्हणा की," आक्का म्हणाल्या.

"आणि हे असंच चाललं तर?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्षांत वरचे दात काढावे लागतील. मग कवळी आली. ती टाळू झाकते. चव आत्ताइतकी बारीक कळेल, याची हमी मी देणार नाही."

आम्ही घरी परतलो. आक्का जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "दात गेले तर गेले. पण चव गेली तर मी कोण गं?"

माझ्या नवऱ्याने सरळ सांगून टाकलं, "नोकरी सोड."

"तुझं नाक पुसलंय मी. मला शिकवू नकोस."

पुढचे आठ दिवस कामावरून आल्या की आक्का माझ्या ओट्यावर वाट्या मांडून बसायच्या. कारखान्यातून नमुने आणायच्या, एक गरम करायच्या, एक तसाच गार. जॅम गार झाला की चव कळेनाशी होते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आठव्या दिवशी म्हणाल्या, "उलट आहे. लागलेला तळ गार झाल्यावरच जास्त बोलतो. आम्ही उगाच इतकी वर्षं जीभ भाजून घेतली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला आपली रीत सांगितली. प्रत्येक कढईचा फक्त वास घ्यायचा, थेंब बशीत टाकून दाटपणा बघायचा, आणि दोन चमचे जॅम नंबर घातलेल्या वाटीत काढून ठेवायचा. चाखायचं दिवसातून दोनदाच, बारा वाजता आणि चार वाजता. दर वेळी सोळा वाट्या, वीस मिनिटं, मग खळखळून चूळ. मधल्या वेळात तोंडात पाण्याशिवाय काही नाही. जेवण बाराच्या चाखण्याला लागूनच.

"आणि चार वाजता तुम्ही नापास केलंत, तर तोवर भरलेल्या बाटल्यांचं काय?" सुपरवायझरचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

"बाटल्या भरा, लेबल लावू नका. कढईच्या नंबराप्रमाणे क्रेट वेगळे ठेवा. मी हो म्हटलं की लेबल."

"आजवर असं कधी केलं नाही, आक्का."

"आजवर मला दात होते."

त्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुढचं मला तिथल्या कँटीनवाल्या बाईंनी सांगितलं, कारण आक्का स्वतःचं कौतुक करतील तर शपथ. सोळा गार वाट्या मांडल्या. दोन मुद्दाम एकाच कढईतल्या, एकीत जरासा तळ लागलेला जॅम. कुठली कुठे, ते सुपरवायझरच्या खिशातल्या चिठ्ठीत. पॅकिंगच्या साऱ्या बायका दारात गोळा झाल्या. आक्का खुर्चीवर बसल्या. कधी नव्हे ते कामावर बसल्या! प्रत्येक वाटी हुंगली, चाखली, थुंकली. शेवटी चूळ भरून, तोंड पुसून म्हणाल्या, "चौथी आणि अकरावी एकाच कढईतली. नववीचा तळ लागलाय. थोडाच, पण लागलाय."

सुपरवायझरने चिठ्ठी काढली, बघितली, घडी घातली.

"आणि तेराव्या वाटीत तुम्ही चहाचा चमचा बुडवलात. धुऊन तरी घ्यायचा."

दारातल्या बायका पोट धरधरून हसल्या. सुपरवायझर बिचारा कानापर्यंत लाल. पण माणूस सरळ. म्हणाला, "उद्यापासून लेबलं थांबतील, आक्का."

सगळं वाचलं असं मी म्हणणार नाही. दोन दाढा काढाव्याच लागल्या, नऊ दात भरले. तेवढ्यासाठी आक्का दोन महिने दर शनिवारी त्या खुर्चीत तोंड उघडून बसल्या आणि एकदाही कुरकुरल्या नाहीत. वर्षाने आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी एकेक दात टोकरून बघितला. मी शेजारी उभी राहून मोजत होते.

"एकही नवा खड्डा नाही," त्या म्हणाल्या. "भरलेलेही घट्ट आहेत. वरचे दात कुठे जात नाहीत आता. चाखा खुशाल!"

मला वाटलं, आक्का आता जरा तरी आनंदाने फुलतील. पण त्या पदर सावरून खुर्चीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हाताखाली दोघीजणी चाखायला शिकताहेत. पहिल्या दिवसापासून दोनदाच. दोघींचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. सोमवारी पाठवते, मोजून लिहून ठेवा. त्या निवृत्त होतील तेव्हा मोजणीत तेवढेच निघाले पाहिजेत."